वरचं बटण

बायको : मान वर करा. अजून थोडी. नाहीतर बटणात दाढी अडकेल आणि सगळ्यांना सांगत सुटाल, बायकोनं गळा धरला म्हणून.

नवरा : दाढी कालच केलीय.

बायको : केलीय कसली, अर्धी सोडून दिलीय. हनुवटीखाली बघा. एखाद्या बागेत असं काही उभं राहिलं असतं, तर तुम्हाला जेवण गेलं नसतं.

नवरा : लाव गं लवकर. चहा निवतोय.

बायको : लावतेय. घाई कसली? लग्न झालं तेव्हा शर्टाला हात लावू द्यायचा नाहीत. 'मी काय बाळ आहे का?' म्हणायचात. आणि आता लेकीचं लग्न उरकलं, घरात दोघंच उरलो, तर रोज सकाळी गळा पुढे करून उभे. मी धाकट्या जावेला सांगितलंसुद्धा फोनवर.

नवरा : काय सांगितलंस?

बायको : म्हटलं, आमच्याकडे उशिरा का होईना, पालवी फुटलीय.

नवरा : अगं, काहीतरीच काय! ती लगेच माझ्या भावाला सांगेल.

बायको : सांगू दे की. भाऊजींनाही जरा शिकू दे. झालं बघा, वरचं पण लागलं. बसा आता, घ्या चहा.

नवरा : हं.

बायको : कप असा ओंजळीत का धरलाय? त्याला कान कशाला दिलाय?

नवरा : ऊब मिळते. बाहेर गारठा बघ किती आहे.

बायको : आणि कानानं धरलात की पडतो, असंच ना? परवा तो निळा गेला. त्याआधी माझा फुलांचा. मी आपली भांड्याच्या साबणाला बोल लावत बसले.

नवरा : कपच गुळगुळीत आहेत हल्लीचे.

बायको : हो का? आणि बोटांना काय लागलंय? पीठ?

नवरा : कुठे?

बायको : ही दोन बघा, आणि करंगळी. पांढरी फटक. पुसा ते, शर्टाला लागेल. कालच धुतलाय.

नवरा : पुसतो.

बायको : पुसा मग.

नवरा : पुसलं.

बायको : मग जात का नाही?

नवरा : जाईल. चहा घेतला की जातं.

बायको : चहा घेतल्यानं पीठ जातं?

नवरा : पीठ नाही ते.

बायको : मग काय आहे? इकडे करा हात. करा म्हणते ना! अगं बाई, हात आहे की बर्फ? आणि हे अर्ध्या बोटापासून असं रेघ मारल्यासारखं पांढरं का झालंय?

नवरा : थंडी आहे.

बायको : थंडी मलाही आहे. माझी बोटं लाल आहेत. आता चिमटा काढला, लागला का?

नवरा : लागला की. केवढ्यानं काढलास!

बायको : मी काढलाच नाही.

नवरा : उशीर होतोय. तुझा भाऊ टेम्पो घेऊन येत असेल.

बायको : येईल आणि थांबेल. डोळे मिटा.

नवरा : हे काय लहान पोरांसारखं?

बायको : मिटा म्हणते ना. हं. आता हे काय आहे, सांगा.

नवरा : नाणं.

बायको : बटण आहे. तुमच्याच जुन्या शर्टाचं. चार भोकं आहेत त्याला, ती लागत नाहीत?

नवरा : लागतात ना. ही काय, लागली.

बायको : मी सांगितल्यावर लागली. बरं, हे?

नवरा : काडीपेटीतली काडी.

बायको : माझ्या केसांतली पिन आहे. हे?

नवरा : हे... पेन्सिल.

बायको : नीट बघा.

नवरा : डोळे मिटून कसा बघू? पेन्सिलच आहे. जाडी आहे जरा. सुताराची असते तसली. काय, चुकलं का? अगं, बोल ना. चुकलं?

बायको : उघडा डोळे.

नवरा : हे तर तुझं बोट.

बायको : हो.

नवरा : अगं, एवढं तोंड काय पाडतेस? चूक कुणाची होत नाही?

बायको : म्हणजे ही बटणं...

नवरा : हं.

बायको : लागत नाहीत म्हणून.

नवरा : सापडत नाहीत. बटण सापडलं तर काज हरवतं.

बायको : लाडानं नाही.

नवरा : अगं, लाडानं पण.

बायको : 'पण' नका म्हणू. हे मागाहून लावलेलं ठिगळ आहे. माझा जन्म कपडे शिवण्यात गेलाय, ठिगळ मला लांबून दिसतं. कधीपासून चाललंय हे?

नवरा : गेल्या थंडीत करंगळीला मुंग्या यायच्या. झुडपं छाटायचं मशीन खाली ठेवलं तरी हात आपला भुणभुणतोय, आत मधमाशी अडकल्यासारखा. म्हटलं, जाईल. उन्हाळ्यात जरा बरंही वाटलं. यंदा थंडी पडली आणि बोटं पांढरी व्हायला लागली.

बायको : आणि मला सांगावंसं वाटलं नाही.

नवरा : सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण तू बटणं लावताना गुणगुणत होतीस. इतक्या वर्षांनी गुणगुणत होतीस! कुठल्या तोंडानं सांगायचं, की बाई गं, मला बोटं लागत नाहीत म्हणून तुझ्यापुढे उभा राहतो?

बायको : अहो...

नवरा : शिवाय सांगितलं असतं, तर तू मशीन काढून घेतलं असतंस.

बायको : आत्ता घेते.

नवरा : बघ! शाळेचं सगळं कुंपण छाटायचं बाकी आहे. मला दुसरं येतं काय? या दोन हातांवर तर आजवर निभावलं. हे हातच गेले, तर मी नुसता बसून काय...

बायको : तेच विचारतेय मी. हे हातच गेले तर? कुंपण कुठे पळून जात नाही. उठा. आधी डॉक्टरीणबाईंकडे, मग तुमची शाळा.

नवरा : बाहीचं बटण राहिलंय.

बायको : आणा इकडे. आणि मी गुणगुणणार नाही, आधीच सांगून ठेवते.

*

मेव्हणा : ताई, डॉक्टर लोक काहीही सांगतात. थरथर म्हणे! माझ्या मशीनला थरथर? हात लावून बघ. दगड आहे दगड. मी स्वतः पक्कं केलंय ते.

बायको : भाऊ आहेस म्हणून ऐकून घेतेय. गॅरेजमध्ये सगळा पसारा मांडून ठेवलायस, आधी मला बसायला जागा कर. आणि बाईंनी काय सांगितलं ते नीट ऐक. त्यांनी यांची बोटं दाबली, गार पाण्यात बुडवली, टाचणी लावून बघितली. मग विचारलं, मशीन चालवता का?

नवरा : मी हो म्हणणार होतो, तेवढ्यात ही म्हणाली, मशीनच यांना चालवतं.

बायको : खोटं आहे का? बाई म्हणाल्या, हे थरथरीनं झालंय. बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा दुखावल्यात. वेळेवर आलात, अजून सुधारायला वाव आहे. पण असंच रेटत राहिलात, तर जे गेलं ते परत यायचं नाही. काम सोडा असं म्हणाल्या नाहीत, काम करायची रीत बदला म्हणाल्या. हात उबदार ठेवायचे, हातमोजे घालायचे. मोज्यांनी ऊब राहते, थरथर त्यांनी थांबत नाही, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नका म्हणाल्या. आणि सिगरेट बंद.

नवरा : सिगरेटचं बाई फार हळू बोलल्या होत्या.

बायको : म्हणून मी मोठ्यानं सांगतेय.

मेव्हणा : पण भाऊजी, तुम्हीच सांगा. मी दुरुस्त करायच्या आधी हे मशीन कसं होतं? दांडा पडायला आलेल्या दातासारखा हलायचा की नाही?

नवरा : हलायचा बाबा. मी छाटायला बघतोय एकीकडे, हे जातंय तिसरीकडे. म्हणून तर तुला म्हटलं, याला जरा वळण लाव.

मेव्हणा : आणि मी लावलं! उघडून बघतो तर काय, ताई, दांडा आणि मशीन यांच्यामध्ये रबराचे तुकडे. झिजून पार चिंध्या झालेल्या. आता तूच सांग, एवढ्या लोखंडाच्या मशीनमध्ये रबराचं काय काम? कंपनीवाल्यांचा चिक्कूपणा, दुसरं काय. काढले नि फेकले. त्यांच्या जागी जाड लोखंडी वायसर घातले, बोल्ट आवळले. पक्कं!

नवरा : खरंच पक्कं झालं होतं गं. पहिल्या दिवशी तर मला वाटलं, आता हे माझं ऐकायला लागलं.

बायको : हे कधी केलंत?

नवरा : गेल्या थंडीच्या तोंडाला.

बायको : आणि करंगळीला मुंग्या कधी यायला लागल्या?

नवरा : गेल्या थंडी... हं.

मेव्हणा : ताई, असं बघू नकोस माझ्याकडे. लहानपणी पाटी फोडली होती तेव्हा असं बघितलं होतंस.

बायको : वर माझं शिलाई मशीन आहे. त्याच्या पायांखाली काय आहे रे?

मेव्हणा : रबराच्या चकत्या. मीच तर बसवल्या. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी सारख्या जिना चढून यायच्या ना, छत गुरगुरतं म्हणून.

बायको : मग चकत्या बसवल्यावर?

मेव्हणा : आजी परत वर आल्या का कधी? अगं, सोपं आहे. मशीन कितीही थरथरू दे, ती थरथर रबर गिळून टाकतं, खाली छताला पोचूच देत...

बायको : थांबलास का? बोल ना.

नवरा : बोला, पक्केराव, बोला.

मेव्हणा : भाऊजी, म्हणजे मी त्या आजींचं छत वाचवलं आणि तुमची बोटं...

नवरा : माझी बोटं पक्की केलीस.

मेव्हणा : आईशप्पथ, भाऊजी, माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, हलतंय म्हणजे बिघडलंय.

नवरा : मलाही तेच वाटलं. मी कुठे विचारलं तुला? उलट शाबासकी दिली. जाऊ दे, रडू नकोस आता. रडायचं असलं तर आधी ते वायसर काढ, मग रड.

मेव्हणा : काढतो. आत्ता काढतो. ताई, पाना दे तो. पण एक मिनिट, दांड्यावर ही गादी कुणी चढवली?

बायको : मी. हे म्हणाले, दांडा हाताला लागतो. म्हणून जुन्या उशीतला कापूस भरून छान खोळ शिवून दिली. दुहेरी शिवण घातलीय, उसवायची नाही.

मेव्हणा : भाऊजी, दांडा धरून दाखवा बरं. बघ ताई, मूठ मिटते का? एवढ्या जाड गादीवर बोटं पोचतच नाहीत. मग निसटू नये म्हणून माणूस काय करणार? जिवाच्या आकांतानं आवळणार. आणि तू आत्ताच सांगितलंस ना, बाई म्हणाल्या, जितकं आवळून धराल तितकी थरथर हातात जास्त शिरते.

बायको : ते मी कुठे सांगितलं?

नवरा : ते मला सांगितलं बाईंनी. मी याला टेम्पोत सांगितलं. मी म्हटलं, बाई, मशीनला जरा धाक हवा. त्या म्हणाल्या, काका, ते मशीन आहे, पळून जाणारं वासरू नाही. सैल धरा, त्याचं वजन खांद्यावरच्या पट्ट्याला उचलू द्या.

बायको : पट्टा कुठाय?

नवरा : असेल तिथे मागे. झाडू बांधलेत त्यानं.

बायको : म्हणजे ह्यानं रबर काढलं, मी गादी शिवली आणि तुम्ही पट्ट्यानं झाडू बांधले. वा! शत्रू बाहेर कशाला हवेत?

मेव्हणा : आणि पातं बघ ताई. यानं लोणी कापायचं नाही. धार केव्हा लावलीत, भाऊजी?

नवरा : वेळ कुठे होता? शाळेचं काम डोक्यावर, त्या दवाखान्याची हिरवळ बाकी...

मेव्हणा : बोथट पात्यानं एका झुडपाला दुप्पट वेळ लागतो. तेवढा वेळ मशीन हातात. आणि तुमची सवय मला माहितीय, एकदा सुरू केलं की टोक येईपर्यंत बंद करायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा नाही.

नवरा : हात बसलेला असला की मोडवत नाही रे. रेघ बिघडते.

बायको : रेघेचं नंतर बघू. ते वायसर आहेत अजून आत? मग आधी सुरू करा एकदा. हात असा पुढे धरा. मी तुमच्या मनगटावर हे बटण ठेवते.

नवरा : बटण खिशात घेऊन फिरतेस?

बायको : फिरते. सुरू करा.

(मशीन सुरू होतं आणि लगेच बंद होतं.)

मेव्हणा : कुठे गेलं बटण?

बायको : टेम्पोखाली. टुणकन उडी मारून गेलं. तू जा आता बाजारात, या मशीनचे असतील तेच रबर आण. दुसरे कसलेतरी उचलून आणू नकोस. आणि येताना पात्याला धार लावून आण.

मेव्हणा : निघालोच. ताई, रागावलीस का गं?

बायको : रागावले. पण तुझ्या एकट्यावर नाही, तिघांवर. जा.

*

मेव्हणा : हे बघा, नवे रबर बसले. दांडा परत जरा हलतोय, पण आता मी काही बोलणार नाही. हलू दे त्याला, तो त्याच्या कामाचा भाग आहे. ठेव ताई बटण.

बायको : ठेवलं. करा सुरू. जास्त रेस करू नका, लागेल तेवढीच.

मेव्हणा : थांबलं! ताई, थांबलं बघ! सरकलं जरा, पण पडलं नाही.

नवरा : हाताला पण वेगळंच वाटतंय. मघा हात मशीनचा झाला होता. आता हात माझा आहे.

बायको : पुरे, बंद करा. लगेच खेळ मांडू नका. आता माझं ऐका. शाळेच्या कुंपणाला दिव्याचे खांब आहेत ना? एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तुम्ही मशीन चालवायचं. तिथं खाली ठेवायचं. पुढच्या खांबापर्यंत मी.

नवरा : तू?

बायको : का? मला हात नाहीत?

नवरा : आहेत, पण तुझी रेघ वाकडी येते. कापडावर इतकी सरळ कापतेस, झुडपावर गेलीस की डुलायला लागतेस.

बायको : येऊ दे वाकडी. तेवढ्या वेळात तुम्ही कोपरे मोठ्या कात्रीनं करा, पालापाचोळा ओढा, हात चोळा, मला नावं ठेवा. काही करा, पण थरथरणारं काही हातात घ्यायचं नाही. पाला उडवायचा ब्लोअरसुद्धा नाही. आणि सकाळी हात गरम झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

मेव्हणा : ब्लोअर मी घेतो, भाऊजी. तेवढं तरी करू द्या.

नवरा : म्हणजे मी माझ्याच बागेत पाहुणा.

बायको : पाहुणा नाही, मुकादम. आवडेल तुम्हाला. उंटावरून शेळ्या हाकायची हौस फिटेल.

नवरा : आणि तुझ्या हातांचं काय? तुलाही तेच व्हायला नको. मुंग्या आल्या तर लगेच सांगायचं. माझ्यासारखं लपवायचं नाही.

बायको : मी कशाला लपवू? मला काय कुणी गुणगुणत बटणं लावून देतंय?

नवरा : अगं...

बायको : आणि हो, आज रात्रीच मी तुमच्या सगळ्या शर्टांना टिचबटणं लावून टाकते. काज शोधायला नको. नुसतं दाबलं की लागलं.

नवरा : टिचबटणं नकोत.

बायको : का?

नवरा : ती मला लावता येतील.

मेव्हणा : भाऊजी, लावता यावीत म्हणूनच तर ती...

बायको : तू गप रे. तो पाना उचल आधी, पायात येतोय.

*

बायको : हातमोजे?

नवरा : घेतलेत. खिशात आहेत.

बायको : खिशाला थंडी वाजतेय का?

नवरा : चहा पिऊन घालतो गं. गेल्या वर्षापासून तू माझी आई झालीयस.

बायको : तुमच्या आईंचं एक तरी ऐकलंत का तुम्ही? काय बघताय? बिस्किट घ्या.

नवरा : काल शाळेच्या मोठ्या बाई भेटल्या फाटकात. म्हणाल्या, कुंपणाचं डिझाइन फार आवडलं. थोडं सरळ, मग थोडी लाट, परत सरळ, परत लाट. मुद्दाम केलंत का?

बायको : मग तुम्ही काय म्हणालात?

नवरा : म्हटलं, हो. लाटेचं काम नाजूक असतं, ते आमच्या घरातलं माणूस करतं.

बायको : अगदी छातीठोकपणे?

नवरा : मग काय! आता शेजारच्या दवाखान्याला पण लाट हवीय. तुला यायलाच लागेल. मला सरळच जमतं.

बायको : बघितलंत? नावं ठेवत होतात. आणि आमच्या पक्केरावांचं कळलं का? आता जिथे लोखंड दिसेल तिथे रबर. आईच्या पलंगाखालीसुद्धा चकत्या बसवल्या. आई म्हणते, कूस बदलली की झोका घेतल्यासारखं वाटतं, या पोराला आवर.

नवरा : बिचारा. अजून माझ्या बोटांकडे चोरून बघतो. मी म्हटलं, अरे, बघायचं तर सरळ बघ.

बायको : मग काय दिसतंय सरळ बघितल्यावर? डोळे मिटा.

नवरा : परत?

बायको : मिटा. हे काय आहे?

नवरा : बटण. चार भोकांचं. एका कडेला जरा टवका उडालाय, टेम्पोखाली गेलं होतं ते.

बायको : हे?

नवरा : काडी... नाही, थांब. पिन. तुझ्या केसातली.

बायको : हे?

नवरा : पेन्सिल.

बायको : पेन्सिल?

नवरा : सुताराची. टोकाला सुया टोचून टोचून खरखरीत झालीय. आणि चांगलीच गारठलीय, तिलापण मोजे लागतील.

बायको : आगाऊ आहात अगदी!

नवरा : डोळ्यांत पाणी आलं का?

बायको : तुमचे डोळे मिटलेत ना?

नवरा : मिटलेत.

बायको : मग तुम्हाला काय करायचंय? आणि करंगळी?

नवरा : ती उशिरा उठते अजून. दिवसभरात येते ताळ्यावर. बाई म्हणाल्या, तेवढी कदाचित अशीच राहील. राहू दे. एक करंगळी गेली तर गेली, बाकीची तर परत आली. मला खरंच भीती वाटली होती गं. तुझं बोट ओळखलं नाही ना, त्या दिवशी पहिल्यांदा. कप फुटले तेव्हा नव्हती वाटली.

बायको : मला पण.

नवरा : तू तर मलाच दटावत होतीस.

बायको : मग काय करणार? रडत बसले असते, तर तुम्हाला डॉक्टरकडे कुणी नेलं असतं? उघडा डोळे. मघापासून बघतेय, आज शर्ट तुमचा तुम्हीच घातलात. बटणं लावलीत?

नवरा : लावली. हळूहळू लागली. काज आधी धरायचं, मग बटण आपोआप येतं.

बायको : छान झालं. नाही, छानच झालं की. मलाही सकाळचा तेवढा वेळ मोकळा मिळेल. डबे तरी वेळेवर होतील.

मेव्हणा : ताई! भाऊजींना पाठव खाली! टेम्पो चालू ठेवलाय! आणि हातमोजे घालून पाठव!

बायको : आले रे! ओरडू नकोस, खालच्या आजी उठतील! चला, निघा. काय झालं? उभे का?

नवरा : वरचं एक राहिलंय.

बायको : ते जमत नाही, की जमवत नाही?

नवरा : डॉक्टरीणबाईंनी विचारलं तर जमतं म्हणून सांग.

बायको : आणि मी विचारलं तर?

नवरा : तू कशाला विचारतेस? तू तुझं ते गाणं म्हण.

बायको : मी गुणगुणणार नाही म्हटलं होतं.

नवरा : म्हटलं होतंस खरं.

बायको : मान वर करा.